सकाळी सहाचा वर्ग, दुपारी बाराचं ऊन

दुपारी बारा ते तीन या वेळात मला घरात एका जागी बसवत नाही. ऊन स्वच्छ पडलं असेल तर जास्तच. ढग असले की जरा बरं वाटतं. सौर वीज शिकवणाऱ्या माणसानं ढगांवर खूश व्हावं ही काही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण आहे ते असं आहे. बायको म्हणते, "काहून येरझारा घालून राहिले जी? बसा न गुमान. डोकं दुखते मायं पाहून पाहून." मी बसतो, पाच मिनिटांनी उठतो, गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांच्या पॅनलांकडे बघतो आणि खाली येतो. हे दुखणं मला गेल्या ऑक्टोबरात लागलं. ते कसं लागलं तेच लिहायला बसलो आहे, म्हणजे बसेन तेवढा वेळ.

नोकरीची तेहेतीस वर्षं मी औष्णिक वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली. कोळसा जाळायचा, वाफ करायची, वीज करायची. रुमाल पांढरा म्हणून घेतला तरी महिन्याभरात करडा. निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत घरच्यांच्या नाकी नऊ आणले. मिक्सर उघडून ठेव, पंख्याचा कंडेन्सर बदल, शेजाऱ्यांच्या मीटरमध्ये डोकावून बघ, असे उद्योग. तेवढ्यात नागपूरच्या सक्करदऱ्यात एका संस्थेनं शाळेच्या जुन्या इमारतीत सौर तंत्रज्ञ तयार करायचं केंद्र काढलं आणि त्यांना शिकवायला माणूस हवा आहे असं कळलं. केंद्र चालवणाऱ्या मीनल मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही आयुष्यभर कोळशावर काम केलंत. इथं ग्रीन जॉबचं शिकवाल?"

मी म्हणालो, "मॅडम, विजेले रंग नसते. कोळशाची असो का उन्हाची, सारखीच चावते."

त्या हसल्या आणि मला नोकरी मिळाली. ते वाक्य मला तेव्हा मोठं चटकदार वाटलं होतं. ते साफ चूक होतं, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

आमचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं अवघड नाही आणि तितकं सोपंही नाही. पॅनलवर ऊन पडलं की वीज तयार होते. पंधरा-वीस पॅनल एकमेकांना जोडून एक माळ करतात. माळेची वीज इन्व्हर्टर नावाच्या पेटीत जाते आणि तिथून घरच्या पंख्या-दिव्यांना चालेल अशी होऊन बाहेर पडते. माळ असल्यामुळे एका पॅनलवर सावली पडली तरी सगळ्यांचं काम ढिलं पडतं. नागपुरात सावली पाडणारी मुख्य वस्तू म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. दुसरी म्हणजे घरमालकाची बायको.

हे मी गमतीनं म्हणत नाही. एका गिऱ्हाईकाकडे आम्ही मुलांना प्रत्यक्ष काम दाखवायला नेलं होतं. नवरा तयार, कागद तयार, पॅनल गच्चीवर पोचलेले, आणि काकू जिन्याच्या दारात उभ्या. "माह्या कुरडया कुठं वाळतीन ते सांगा पह्यले." आम्ही सांगाडा उंच करून दिला, सात फूट. खालून माणूस आरामात फिरेल असा. काकू खूश. उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, कुरडयांना बुरशी आली म्हणून. साहजिकच होतं, सगळं ऊन तर वर पॅनलांनी खाल्लं होतं. नवरा म्हणाला वीज फुकट मिळून राहिली, काकू म्हणाल्या कुरडया विकत आणून राहिलो. शेवटी पुढच्या वर्षी मी स्वतः जाऊन पॅनलांच्या कडेला, सावलीच्या बाहेर, त्यांना वाळवणाची जागा आखून दिली. तो भांडण-तंटा मी वर्गात दर बॅचला सांगतो, कारण हे कुठल्याही पुस्तकात नाही.

तर वर्ग. आमच्याकडे कोण कोण येतं? शिलाईचं काम बंद पडलेला एक जण, रिक्षा विकलेला एक, आयटीआय करून चार वर्षं घरी बसलेले बरेच. भाषणात सगळे म्हणतात शहराला असे हजारो हात लागणार आहेत, लवकर तयार करा. लवकर हा शब्द या धंद्यात फार ऐकू येतो. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, वीस मुलांची बॅच, शेवटी प्रमाणपत्र, त्यावर माझी सही.

गेल्या वर्षी एप्रिल ते जूनची बॅच होती. नागपूरचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही आणि पाहिलाय त्याला सांगायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात एक मुलगा गच्चीवर चक्कर येऊन बसला. मी मॅडमना म्हटलं, प्रात्यक्षिक सकाळी सहाला घेतो, आठपर्यंत आटोपतो, तेही शेडखाली. सगळ्यांना पटलं. मुलांना तर फारच. मला स्वतःचं कौतुक वाटलं. वीज केंद्रात आम्हाला उन्हाची पर्वा करणारा साहेब कधी भेटला नव्हता, मी तसा साहेब झालो होतो.

या बॅचमध्ये सारिका भोयर होती. सावनेरकडची. वडील खाणीत कंत्राटी कामावर होते, ते काम संपलं होतं. आईला मुलीनं छपरावर चढणं अजिबात मंजूर नव्हतं. सारिका पहाटेची पहिली बस धरून सहाला सगळ्यांच्या आधी हजर असे. हात असे चालायचे की बघत राहावं. दोन पॅनलांच्या तारा जोडणारे कनेक्टर असतात, दाबले की खटकन बसतात, आणि सोडवायला छोटी चिमट्यासारखी किल्ली लागते. सारिका चालू माळेतून कनेक्टर सोडवून नवा लावायची ते चहा थंड व्हायच्या आत. मी बाकीच्यांना म्हणायचो, पाहा, असं पाहिजे.

आता नीट ऐका, कारण माझी चूक इथंच आहे. नियम असा आहे की चालू माळेतला कनेक्टर कधीही ओढायचा नाही. आधी खटका पाडायचा, म्हणजे माळेचा स्विच बंद करायचा, मग तारेभोवती क्लॅम्प मीटर धरून आत वीज वाहत नाही याची खात्री करायची, मग हात. कारण ही वीज घरच्या विजेसारखी नाही. घरच्या विजेचा जाळ तुटतो, हिचा जाळ तुटत नाही. दोन टोकं लांब केली तरी मधल्या हवेतून जळत राहते, आणि ती आग वेल्डिंगच्या आगीसारखी असते. हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं, वहीत उतरवून घेतलं होतं, पेपरात प्रश्नही टाकला होता.

पण सकाळी सहाला, शेडखाली, दोन पॅनलांत जीव तो केवढा? मुलं खटका न पाडताच ओढत, आणि काही होत नसे. ठिणगीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी टोकलं. दुसऱ्या दिवशी टोकलं. मग सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, सारिकाचा वेग बघताना तिनं खटका पाडला नव्हता हे मला दिसत होतं. विसाच्या विसांना प्रमाणपत्रं मिळाली आणि आम्ही फोटो काढला.

ऑक्टोबरात एका सकाळी फोन आला. निखिल नावाचा त्याच बॅचचा मुलगा भाजला होता. आदल्या दिवशी भर दुपारी एका इमारतीच्या छपरावर खराब पॅनल बदलताना त्यानं चालू माळेतला कनेक्टर ओढला. मी दवाखान्यात गेलो. उजवा हात पूर्ण गुंडाळलेला, भुवया जळालेल्या. त्याची आई भिंतीशी उभी. मी रागावणारच होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, अगदी साधेपणानं, "सर, आपल्या इथं तर काहीच नव्हतं होत न."

 

वॉर्डातून बाहेर आलो आणि व्हरांड्यातच बाकीच्या एकोणीस जणांना फोन लावायला सुरुवात केली. कुणी उचलला, कुणी नंतर उलट फोन केला, एक जण मोबाइलच्या दुकानात लागला होता, त्याला ऐकून हायसं वाटलं. सारिकाचा फोन तेवढा बंद. ती बुटीबोरीला एका कारखान्याच्या छपरावर काम करत होती, मोठं काम होतं, लांबच लांब माळा. तिथं फोन गेटवर जमा करून घेत. एका ठेकेदारानं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. छपरावर मुलगी नको म्हणणारे तिथं बरेच होते, त्यामुळे तीन महिने बघू, मग पक्कं करू, असं ठरलं होतं. त्यातले पाच दिवस उरले होते. हे मला माहीत होतं, कारण तिनंच आठवड्यापूर्वी आनंदानं कळवलं होतं.

घड्याळात साडेअकरा झाले होते आणि आभाळात एक ढग नव्हता. मी स्कूटर काढली. वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. फक्त सिग्नलवर थांबलो की तिचा नंबर पुन्हा लावून बघत होतो.

गेटवर वॉचमन. "कोनाले भेटाचं हाय?"

"सारिका भोयर. वर छपरावर सोलरचं काम करून राहिली ते."

"तुमी तिचे कोन?"

"मास्तर."

"मास्तर असान. पास हाय का?"

पास नव्हता. मी आवाज चढवला, त्यानंही चढवला, आणि त्या गोंधळानं ठेकेदाराचा सुपरवायझर बाहेर आला. लांजेवार नाव. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट. "काय झालं काका?"

तेव्हा मी काय करायला हवं होतं? तिला पाच मिनिटं खाली बोलवा, घरचा निरोप आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे निखिलचा हात होता. मी तिथं, वॉचमन आणि आणखी चार-सहा जण ऐकत असताना, सगळं बोलून गेलो. "त्या पोरीले आत्ता खाली उतरवा. तिले मी अर्धवट शिकवलं. चालू लाइनवर हात घालाची सवय हाय तिले. चूक तिची नाही, माही हाय. पण उतरवा."

लांजेवारनं वॉकीटॉकीवर हुकूम दिला. दहा मिनिटांत सारिका शेडच्या कोपऱ्यावरून येताना दिसली, कमरेला पट्टा, हातमोजे काढत. दोन्ही हात धड होते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

लांजेवार तिला म्हणाला, "तुझे सरच सांगून राहिले का तुले काम येत नाही म्हणून."

 तिच्या कमरेला क्लॅम्प मीटर लाल दोरीनं बांधलेलं होतं. ते तिनं हातात धरून मला दाखवलं. "सर, पहिल्याच हप्त्यात ओडिशाच्या मिस्त्रीनं माहा हात पकडला. म्हने पहले मीटर, फिर हाथ. तवापासून मीटर लावल्याशिवाय मी हात लावून नाही राहिली. मले आधी विचाराचं तरी."

"सारिका, मले वाटलं..."

"तुमच्या इथं नाही शिकली ते इथं शिकली न. मंग?"

मी लांजेवारकडे वळलो, म्हटलं, ऐकलं ना, तिला येतं. त्यानं मान हलवली. तो काही वाईट माणूस नव्हता. "काका, तुम्ही सगळ्यांच्या पुढं बोलले. आता कंपनीच्या सेफ्टीवाल्याच्या कानावर गेलं असन. मी तिले वर कसा पाठवू? पुन्हा परीक्षा घ्या, लेखी आणा. मंग पाहू." पक्कं करायचं मग त्यानंतर, असंही तो म्हणाला, आणि ते कसं म्हणाला त्यावरून मला कळलं की ते होणार नाही.

मी सारिकाला स्कूटरवर बस म्हणालो. ती बसली नाही. चौकात जाऊन बसची वाट बघत उभी राहिली आणि मी पुढे निघालो. तेहेतीस वर्षांत मी किती जणांवर ओरडलो असेन, पण एखाद्याची नोकरी माझ्या तोंडानं गेली असं कधी झालं नव्हतं. आणि तीही अशा मुलीची, जी माझ्या शिकवण्यातलं भोक स्वतः बुजवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, सगळ्या बॅचला परत बोलवायचं, दुपारी बारा वाजता, गच्चीवर. त्या म्हणाल्या, "काका, प्रमाणपत्रं देऊन झालीत. आता फेरपरीक्षा म्हणजे आपणच आपल्याला खोटं पाडल्यासारखं होईल."

"पडलोच आहोत," मी म्हटलं. "निखिलले पाहून या."

त्या जाऊन आल्या आणि आल्यावर स्वतःच फोन करायला बसल्या.

एकोणिसांतले अकरा आले. आठ आले नाहीत, त्यातल्या तिघांचे नंबर आता लागतही नाहीत. कुठल्या गावात, कुणाच्या छपरावर असतील ते माहीत नाही. बायको विचारते ना काहून फिरून राहिले, तर या आठ जणांसाठी. सकाळचा वर्ग मी तेव्हाच बंद केला. आता प्रात्यक्षिक दुपारीच, अर्धा-अर्धा तास, मधे ताक.

त्या दिवशी गच्चीवर आठ पॅनलांची माळ मी पाण्याच्या हीटरला जोडली, म्हणजे आत खरी वीज वाहील. खटक्याच्या दोन पेट्या ठेवल्या. दिसायला सारख्या. एक चांगली, दुसरी मुद्दाम बिघडवलेली, मूठ फिरते पण आतली वीज तुटत नाही. छपरांवर असे खटके भेटतात. ज्यानं मीटर लावलं त्याला कळणार, ज्यानं मुठीवर विश्वास ठेवला त्याला नाही. मी स्वतः तिसरा खटका धरून मागे उभा राहिलो, कुणाचा हात कनेक्टरला पोचायच्या आत बंद करायला. अकरापैकी सात जणांसाठी तो मला पाडावा लागला. त्यांना मी खाली बसवून पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

सारिका शेवटी उठली. माझ्याशी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. मूठ फिरवली, मीटर लावलं, आकडा पाहिला आणि मागे सरली. "खटका खराब हाय. हात नाही लावत."

मी कागदावर तिच्या नावापुढे उत्तीर्ण लिहिलं. तेव्हा ती म्हणाली, "आता तुमी, सर."

मुलं हसली. मीही हसलो. म्हटलं, करतो की. मी पाठ फिरवली, तिनं पेटी निवडून जोडली आणि मागचा खटका धरून उभी राहिली. मी पुढे झालो, मूठ फिरवली. खट असा आवाज आला. हा आवाज मी तेहेतीस वर्षं ऐकलेला आहे. तो आला की वीज गेली, असं माझ्या हातांना डोक्यापेक्षा आधी कळतं. मी कनेक्टरला हात घातला.

मागे तिच्या हातातला खटका पडला. पाठोपाठ सारिकाची बोटं माझ्या मनगटावर आली, घट्ट.

"सर. मीटर."

मीटर माझ्या गळ्यात लटकत होतं. नियम मला ठाऊक होता, मीच तो फळ्यावर लिहिला होता, त्या दिवशी अकरा जणांना सांगितला होता. गच्चीवर कुणी हसलं नाही. मला लाज वाटली, इतकी की खाली बसलो. ती मुलगी माझ्या मनगटावरचा हात काढेना.

मग मी कागद घेतला, बारावं नाव माझं लिहिलं आणि परीक्षक म्हणून तिला सही करायला सांगितली. "निकालही लिही वं. जो आहे तो." तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, अनुत्तीर्ण.

तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुटीबोरीला गेलो. या वेळी ती स्कूटरवर बसली. लांजेवारनं गेटवरच कागद वाचला. सारिकाच्या नावावर बोट ठेवलं, मग खाली उतरत शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला.

"हे तुमचंच नाव?"

"हो."

"आन् तुमची परीक्षा घेणारी ही?"

"हीच."

त्यानं कागदाची घडी करून खिशात टाकली. वॉचमनला म्हणाला, "हिले आत सोड, उद्यापासून रोज." मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाले मात्र मी छपरावर चढू देणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो.